फोनमधले बाबा

— नाही, तुम्ही बोलू नका. तुम्हीच म्हणालात ना, रेकॉर्डिंगमध्ये फक्त माझाच आवाज आत गेला पाहिजे, मधे दुसरा आवाज आला की सगळं फुकट. मग गप्प बसा. मान हलवली तरी मला कळतं. चहा प्या, पण भुरके मारू नका, तेही आत जाईल.

तर तक्रार. तक्रार माझी एकच आहे. तुमच्या कंपनीचं ते भाषांतराचं यंत्र माझं बोलणं बदलतं. मी सांगतो एक, ते पुढच्याला सांगतं भलतंच. आणि पुढचा हसतो. माझ्यासमोर हसतो. मी रंगराव — चाकणच्या चौकात उभं राहून नाव घ्या, माणूस आधी टोपी सरळ करेल, मग पत्ता सांगेल. त्या माणसाला भाडेकरू हसतात, आणि ते तुमच्यामुळे.

आणि लवकर आटपा. जेवणवेळेला माझा मुलगा यायचाय. शेखर. रहाटणीला असतो. बायकोपोरीला घेऊन येतोय, बऱ्याच दिवसांनी — ते राहू द्या. तो यायच्या आत तुम्ही गेलेलं बरं. त्याच्यासमोर ह्या फोनचा विषय नको. का नको ते तुम्हाला कशाला पाहिजे? तुम्ही तक्रार लिहून घ्या.

ही खोल्यांची ओळ बघितलीत ना येताना? इथं आमचं शेत होतं. ज्वारी, भुईमूग, कडेला हरभरा. कंपन्या आल्या, शेत गेलं, खोल्या आल्या. रडगाणं सांगत नाही, बरं चाललंय. शेतात चार जिनसा पिकायच्या, खोल्यांत सगळा देश पिकतो — बिहारचा आहे, बंगालचा आहे, लातूरचा आहे, कोकणातला एक आहे तो तर मराठी असून मला कळत नाही. सगळ्यांना नियम एकच. जिन्यात चपला नकोत, पाण्याच्या मोटारीला कुणी हात लावायचा नाही, नळ उघडा दिसला की मी ओरडणार. ओरडतोच. मालक ओरडला नाही तर चाळ दोन दिवसांत धर्मशाळा होते.

आता रबी. रबी नायक. ओरिसाचा. गाडीचे पार्ट करणाऱ्या एका कंपनीत लाइनवर आहे. बायको मिनती, पोर नाही अजून. माणूस बरा, पण भाषेची बोंब. माझी हिंदी मोडकी, त्याची हिंदी मोडकी. दोन मोडक्या चाकांवर गाडी चालत नाही. मी एकदा सांगितलं, 'पानी बंद' — म्हणजे आज टँकर आला नाही, जपून वापर. त्यानं दोन दिवस आंघोळ केली नाही. त्याला वाटलं मालकानं शिक्षा केली. वास यायला लागला तेव्हा उलगडा झाला.

तेव्हा शेजारच्या नवनाथनं हे तुमचं यंत्र फोनमध्ये घालून दिलं. नवनाथ कंपनीत सुपरवायझर आहे, तिथं तो हेच वापरतो. म्हणाला, आबा, आपल्या भाषेत बोला, ते त्याच्या भाषेत सांगतं. म्हटलं, आपल्या भाषेत म्हणजे पेपरातल्या का घरातल्या? म्हणाला, घरातल्या. करून बघितलं. खरंच कळतं त्याला. मी 'व्हय' म्हटलं तरी कळतं, 'न्हाई' म्हटलं तरी कळतं. उलट बोलताना मात्र स्वतः इस्त्रीचं बोलतं. ग्रामसेवक नवा आला की बोलतो ना पहिले आठ दिवस, तसं. आत्ता मीही तसंच बोलतोय म्हणा, तुमचं हे चालू आहे म्हणून.

पहिलं मोठं काम निघालं ते कुरडयांचं. चिमाबाईंनी — आमच्या घरच्यांनी — गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. तुम्ही शहरातले, तुम्हाला ताटात आल्यावर दिसते कुरडई. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायची आणि कडक उन्हात ठेवायची. घरातल्या बायकांचे हात भरून येतात. आणि रबी मोटार चालू करून झोपला. मोटारीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलेलं, तरी. टाकी भरली, वाहिली, गच्चीवर तळं. कुरडयांची खीर झाली.

मी गेलो खाली. दार वाजवलं. फोन पुढं धरला आणि म्हटलं — जसं म्हटलं तसंच सांगतो, घाला आत — 'डोळं फुटलं का रं तुझं? टाकी वाहतीया, कुरडया गेल्या माझ्या घरच्या, आन् तू पसरलाईस. आता तुझी बायको येऊन घालनाराय का परत?' संपलं. ह्याच्यात समजायला अवघड काय आहे? फोन त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मऊ-मऊ बोलला. मला तेव्हाच शंका आली, माझं इतकं ओरडून झालं आणि त्याचं इतक्या हळू कसं होतं. रबीनं कान धरले, हात जोडले. मी म्हटलं, लागलं. आलो वर.

सकाळी दार उघडतो तर त्याची बायको उभी. पदर खोचलेला, हातात घरचं पातेलं. नुसती हसते. चिमाबाईंनी विचारलं काय गं, तर तिनं पिळून पाडल्याची खूण केली — अशी, मूठ वळून. ती कुरडया घालायला आली होती.

घातल्या. काय करणार, आलेल्या बाईला परत कसं पाठवायचं. गहू भिजवण्यापासून सगळं केलं दोघींनी मिळून. हिला तिची भाषा येत नाही, तिला हिची येत नाही, आणि दिवसभर खिदळणं चालू. मी म्हटलं, तो फोन देऊ का मधे? चिमाबाई म्हणाल्या, 'नको, आमचं चाललंय.' आता ह्या वाळवणाच्या दिवसांत ती रोज वर असते. पापडाला असते, सांडग्याला असते. तिच्या मुलखात वड्या करतात उडदाच्या, त्या आमच्या गच्चीवर आल्या. मालकाच्या गच्चीवर भाडेकरूच्या वड्या. असं ह्या ओळीत कधी झालं नव्हतं.

तरी मला कळलं नाही. मला वाटलं माझ्या दरडावण्याचा परिणाम. मी फोन घेऊन खोलीखोलीत जायला लागलो. बिहारवाल्याला झापलं — त्यानं चैत्रातल्या छठपूजेचा प्रसाद आणून दिला. बंगाल्याला म्हटलं तुझं सामान बाहेर फेकीन — तो म्हणाला, बाबा, तुमच्या पायाला मालिश करू का. म्हटलं, ही माणसं वेडी आहेत का काय.

फुटलं कसं ते सांगतो. रबी लाइनवर मराठी शिकला, नवनाथच्या हाताखाली. आणि एके दिवशी फोन चार्जिंगला होता, माझ्या तोंडाचाच पट्टा सुटला जिन्यातल्या चपलांवरून. आडवातिडवा बोललो. रबी उभा राहिला, ऐकलं सगळं, तोंड उघडं. आणि मग म्हणतो, 'बाबा, हे तुमी नाय. फोनमदले बाबा अच्छे बोलते. तुमी फोनमदे बोला ना.' आणि हसला. त्याची बायको हसली. वर गच्चीतून चिमाबाई हसल्या, त्या तर टाकीला धरून हसल्या. तेव्हापासून ओळीत माझं नाव पडलंय. फोनवाले बाबा. ह्या वयात.

मी तो फोन घेऊन बसलो. आत सगळं लिहिलेलं असतं, नवनाथनं दाखवलं, आणि ते परत मराठीत करून मागता येतं. मागितलं. वाचता येतं मला. सावकाश येतं, पण येतं. लिहिलं होतं — 'रबी, टाकी वाहत होती आणि आमच्या घरच्या कुरडया भिजून गेल्या. तू थकलेला असशील. पुन्हा घालायच्या आहेत, तुझी पत्नी मदतीला येऊ शकेल का?' पत्नी. मी उभ्या जन्मात हा शब्द तोंडातून काढलेला नाही, स्वतःच्या लग्नातही नाही.

म्हणून मी तो अंगठा खाली दाबायला लागलो. आहे ना तुमच्यात, आवडलं नाही तर उलटा अंगठा? कागदावर मी आजवर अंगठा उठवलेला नाही, सही करतो, लफ्फेदार करतो. पण इथं म्हटलं ठीक आहे, अंगठा तर अंगठा. रोज दाबला. प्रत्येक बोलण्याला दाबला. तेव्हा कुठं तुम्ही हिंजवडीहून आलात.

हं, पुढचा प्रश्न दाखवा. इकडं करा तो लॅपटॉप, उजेड पडतोय. 'भविष्यकाळात — या तंत्रज्ञानाकडून — आपल्या काय अपेक्षा आहेत.' हे माणसानं लिहिलेलं नाही. हे तुमच्या यंत्रानं लिहिलंय. ओळखलं मी, तीच इस्त्री.

भविष्य काय, मी सांगतो. थांबणार नाही ते. टीव्हीवर आत्ताच बातम्या सांगणारी बाई खरी का यंत्रातली ते कळत नाही, परवा चिमाबाई म्हणाल्या, साडी खरी आहे पण बाई खोटी आहे. पेपर तेच लिहील. सिनेमा काढील. उद्या आमच्या ग्रामपंचायतीचा ठराव तेच लिहील, आणि बरंच होईल, निदान वाचता येईल. कंपन्यांत तर आलंच आहे. नवनाथ सांगत होता, परदेशी मशिनींची पुस्तकं वर्षानुवर्षं कपाटात पडून होती, कुणाला वाचता येत नव्हती. मशिन बंद पडलं की साहेब परदेशात फोन लावायचा आणि लाइन बसून राहायची. आता ते मशिनला मराठीत विचारतात, काय होतंय तुला, आणि ते सांगतं. बंगाल्याला बंगालीत सांगतं. मला पटतं ते. ज्याला त्याला त्याच्या घरच्या बोलीत कळावं, ह्यात वाईट काय? मला माझ्या काळात कुणी माझ्या बोलीत सांगितलं असतं तर मी चौथीत शाळा सोडली नसती. कदाचित सोडली असतीच. गुरुजी मारायचे.

पण एक लिहा. ठळक लिहा. मी प्रेसवर काम केलंय, शेत गेल्यावर, रिटायर होईपर्यंत. प्रेस म्हणजे पत्रा दाबायचं मशिन. वरून खाली येतं, खाली काय आहे बघत नाही. तिथं नवा माणूस हात घालायला लागला तर आम्ही आईवरून शिवी द्यायचो. एकच. हात मागं. तिथं तुमचं यंत्र असतं आणि म्हणालं असतं, 'आपण कृपया आपला हात बाजूला घ्यावा' — कृपया म्हणेपर्यंत बोटं खाली. तिथं ते कडक पाहिजे. माझ्यापेक्षा कडक. कुठं मऊ आणि कुठं कडक, ही अक्कल त्याला आली पाहिजे. ती आली की पुढचं सगळं त्याचंच. नाही आली तर तो नुसता शहाण्यासारखा बोलणारा पोपट. लिहिलंत? बरं.

आणि दुसरं. आमच्याकडं शिवी कुणाला देतात ते त्याला शिकवा. परक्याला आम्ही 'अहो' म्हणतो. तुम्हाला म्हणतोय ना. ज्याच्यावर जीव, त्याला झापायचं. रबीला मी पहिले दोन महिने 'आप' म्हणत होतो. डोळं फुटलं का म्हटलं तेव्हा तो घरातला झाला होता. म्हणजे मला तसं — म्हणजे ते तसंच असतं. यंत्रानं काय केलं, शिवी काढून टाकली आणि तिच्या खाली जे होतं ते सांगून टाकलं. आता खाली काय होतं हे त्याला कुणी सांगितलं? मी तर नव्हतं सांगितलं. मला तरी कुठं माहीत होतं. 'तू थकलेला असशील.' हे माझ्या बोलण्यात कुठं होतं? पण रबी नाइट करून आला होता, आणि ते मला ठाऊक होतं, आणि 'पसरलाईस' म्हणताना माझ्या मनात —

जाऊ द्या. गार झाला का चहा? दुसरा सांगू? — अगं ए, यांना — नको? बरं.

काय बघताय? शेखरचा आणि फोनचा काय संबंध ते? मी काढला का विषय? हो, मघाशी काढला. तुम्ही कान उघडे ठेवता, चांगलं आहे.

संबंध काही नाही. शेखरला रहाटणीला फ्लॅट घ्यायचा होता. त्याची नोकरी तिकडं, पोरीची शाळा तिकडं. मला विचारलं. मी म्हटलं, 'घे. जाताना किल्ली ठेवून जा.' बस. दोन वाक्यं. ह्यात शिवी कुठं आहे सांगा? एक नाही. तेच तर. शिवी असती तर तो गेलाच नसता, का गेला तरी दर आठवड्याला आला असता. माझा मुलगा आहे, त्याला पक्कं माहीत आहे — बाप आवाज चढवतो तोवर सगळं ठीक. बाप मोजून बोलला की संपलं. तो किल्ली ठेवून गेला. लग्नाकार्यात दिसतो. आईला फोन करतो, मी शेजारी बसलेला असतो. मिनल — माझी नात — फोनमध्ये आजीला दात दाखवते, पडलेला. मी पेपर वाचतो.

तर एका दुपारी मी टाकीच्या सावलीत बसलो होतो. कुरडया वाळत होत्या. फोन हातात होताच. म्हटलं बघू. म्हणजे चाचणीच, तुमच्या यंत्राची. फोनला म्हटलं — 'शेखऱ्या, वाट विसरलास व्हय रं? पोरगी वाढाय लागली, तिला आजा आजी टीव्हीतली मानसं वाटतील. कुरडया ढीगभर केल्यात, कावळ्यास्नी घालू का? किल्ली खिळ्यालाच हाय, गंजली तर माझ्याकडं बघू नकोस.' आणि म्हटलं, हे त्याला सांग, रबीला सांगतोस तसं. ते विचारतं, कोणत्या भाषेत? म्हटलं मराठीत. ते म्हणतं, आपण मराठीतच बोलला आहात. म्हटलं, माहीत आहे मला. तरी कर.

केलं त्यानं. मराठीतून मराठीत.

काय केलं ते नाही सांगत. सांगतो. 'शेखर, तुझी आठवण येते. मिनलला भेटावंसं वाटतं. घराची किल्ली तुझ्यासाठीच ठेवली आहे. जेवायला ये.' आता तुम्ही शिकलेले आहात. मी बोललो ते आणि हे, शेजारी ठेवून बघा. 'आठवण येते' हे त्यात कुठं आहे? शोधा. नाही सापडणार. मी तीनतीनदा वाचलं. खोटं आहे म्हणून उलटा अंगठा दाबायला गेलो. अंगठा थांबला. आणि मग लागला दुसरीकडंच, आणि ते गेलं शेखरला. म्हातारा अंगठा आहे, कुठंही लागतो. पुसता येत होतं म्हणे लगेच. मी विचारलं नाही कुणाला.

उत्तर आलं. 'येतो बाबा. रविवारी.' खाली एक पिवळं तोंड, हसतंय का रडतंय कळेना. चिमाबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या दोन्ही. मग दिवसभर माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, काय झालं, कपाळावर काही आहे का? म्हणाल्या, 'नाही, फोनमधले बाबा बघतेय.'

हसा तुम्हीही. हसा, आवाज काढू नका.

पण अडचण लक्षात आली का? तो येणार ते त्या माणसाला भेटायला. फोनमधल्या. आणि दारात उभा कोण? मी. रबी म्हणाला तसं तोही म्हणाला — हे तुम्ही नाही — तर? रबी काही पोटचा नव्हे, हसला. शेखर हसला नाही तर? तो परत गाडीत बसला तर ही बाई जेवण उतरवून ठेवील आणि मला एक शब्द बोलणार नाही. तेही चालेल. पण मिनलला काय सांगायचं, आजोबांचं बोलणं भाड्याचं होतं म्हणून?

म्हणून मी शिकवणी लावली. फोनचीच. गच्चीवर जाऊन म्हटलं, तू बोल, मी मागून म्हणतो. ते म्हणालं, 'तुझी आठवण येते.' मी म्हटलं, 'तुझी' — आणि पुढं माशाचा काटा अडकावा तसं. परत. 'तुझी आठव' — खोकला. मिनती कपडे वाळत घालत होती, तिला वाटलं मला उचकी लागली, लिंबूपाणी घेऊन आली. चार दिवस केलं. यंत्र कंटाळत नाही, हे मानलं पाहिजे. प्रत्येक वेळी म्हणायचं, 'छान, पुन्हा एकदा.' काय छान? काही छान नव्हतं. शेवटी त्याला म्हटलं, तूच ये दारात.

तर आता तक्रारीचं असं करा. प्रेसवाल्यांसाठी कडक करा, ते मी सांगितलंय, त्यात बदल नाही. माझ्या फोनचं राहू द्या. आहे तसं. ते मी दाबलेले अंगठे मागं घेता येतात का? मान हलवा नीट, हो का नाही? येतात. मग घ्या. सगळे. रबीला परवा मी झापलं, त्याची बायको आता दोन जीवांची आहे आणि तो तिला टाकीच्या शिडीवर चढवतो. ते त्याच्या भाषेत कसं गेलं ते मी परत मागून बघितलेलं नाही. जे गेलं ते बरोबर गेलं असेल. ती शिडीवर दिसली नाही पुन्हा.

थांबा. गाडी वळली खाली. ह्या वेळी कंपनीची बस नसते. — अगं ए, आली वाटतं. पाणी ठेव. — नाही, मी उठतो. कठड्याशी उभा राहतो, खालूनच दिसेन त्याला. तो फोन तिकडं उशीखाली सरकवा. सरकवा म्हणतो ना. हां, शेखरच आहे. पोट सुटलंय ह्याचं. ती मिनल, बघा, केवढी — खाली उतरायला बघतेय. आणि हा काय करतोय? हा गाडी उन्हात लावतोय. समोर लिंबाची सावली रिकामी आहे आणि हा —

'शेखऱ्या! आक्कल गहान टाकली का रं रहाटणीला? ऊन बघ केवढं, गाडी सावलीत घे. परत बसताना पोरीचं पाय भाजतील. एवढा साहेब झाला आन् सावली दिसत न्हाई. घे तिकडं. आजून मागं. आजून. —'

थांबला. वर बघतोय.

हसतोय. गाडीतल्या गाडीत हसतोय गाढव, डोळे पुसतोय. सुनेला काहीतरी सांगतोय. — 'हसतोस काय? वर ये आधी.'

तुम्ही अजून इथंच? उठा. माणसं आलीत घरात.